सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. बिचाऱ्याची पोच ती केवढी, असा तिचा सूर असतो. पण बीडच्या पाटोदा-आष्टीकडच्या माळावर, उन्हं तापल्यावर, बोरी-बाभळीच्या फेसाटीवर बसलेला सरडा अर्धा तास नुसता बघत बसा. त्याला कुंपणापलीकडे जायचंच नसतं, हे लक्षात येतं. तो तिथं बसतो ते तिथून खालची जमीन दिसते म्हणून. मान वर, पुढचे पाय ताठ, बाकी सगळं दगडासारखं. खाली पाचोळ्यात नाकतोडा असेल आणि तो गप्प असेल, तर सरड्याच्या लेखी तिथं पाचोळाच आहे. नाकतोड्यानं पाय ओढला की त्याच क्षणी पाचोळ्याचं जेवण होतं.

म्हणजे त्याचं अन्न एखादा पदार्थ नाही, ती एक घटना आहे. तिथं काय पडलंय यापेक्षा तिथं काय घडलं, हे तो बघतो. हा एवढाच मुद्दा मला आज सावकाश उलगडायचा आहे. त्यासाठी सरड्याच्या एका लांबच्या भावाकडे जावं लागेल.

हा भाऊ ऑस्ट्रेलियाचा. ‘बियर्डेड ड्रॅगन’ म्हणजे दाढीवाला ड्रॅगन. नाव दांडगं, पण शेपटीसकट जेमतेम दीड-दोन फुटांचा आणि स्वभावानं आपल्या कुंपणावाल्यापेक्षा कितीतरी शांत. दोघंही अगामिडी या एकाच कुळातले. याच कुळात आपल्याकडच्या काही सरड्यांसाठी २०१६ साली नवी प्रजाती मांडली गेली आणि तिचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘सरडा’. सड्यावर उभं राहून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा साताऱ्याच्या चाळकेवाडीचा तो देखणा सरडा तिच्यातलाच. लॅटिनच्या रांगेत आपला शब्द असा ताठ बसलेला पाहून मला उगाच बरं वाटतं.

ऑस्ट्रेलियातला हा भाऊ आता जगभर काचेच्या पेटीत पाळला जातो. लहानपणी त्याला मुख्यतः किडे लागतात, मोठेपणी पालाच जास्त. रोज जिवंत रातकिडे आणायचे, त्यांना सांभाळायचं, त्यांची रात्रभरची किरकिर ऐकायची, याला माणसं कंटाळतात. मग सोपा उपाय निघतो: रातकिडे, टोळ, अळ्या गोठवून ठेवायच्या आणि लागतील तशा काढायच्या. आपण मटार ठेवतो तसंच. इथंच घोटाळा सुरू होतो, कारण मटार ताटात पडला की आपण तो खातो. गोठवलेला रातकिडा पेटीत ठेवला, तर ड्रॅगन कित्येकदा त्याच्यावर पाय देऊन पलीकडे निघून जातो.

तो हट्ट करतोय, असं पाळणाऱ्याला वाटतं. पण हा प्रश्न हट्टाचा नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स या चौघांनी बेडकाच्या डोळ्यावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. बेडकाचा डोळा चित्र टिपून मुकाट मेंदूकडे पाठवत नाही, निवड तिथंच सुरू होते, असं त्यांना आढळलं. लहान, गडद, हलणारा ठिपका दिसला की डोळ्यातले काही तंतू पेटून उठतात. न हलणाऱ्या माश्यांचा ढीग भोवती असला तरी बेडूक उपाशी मरेल. आपण ‘डोळ्यांनी पाहतो’ म्हणतो तेव्हा डोळा ही खिडकी आहे असं धरून चालतो. बेडकाचा डोळा खिडकी नाही, राखणदार आहे. कोणाला आत सोडायचं ते तोच ठरवतो.

ड्रॅगन मात्र बेडूक नव्हे, हे लगेच सांगायला हवं. तो पाला खातो, फुलं खातो, आणि फुलं काही पळत नाहीत. जिभेनं चाटून वास घेतो, रंग ओळखतो, शिकतो. त्यामुळे न हलणारा किडाही तो खायला शिकू शकतो. फक्त त्याला ते शिकावं लागतं. जिवंत रातकिड्याला अशी ओळख करून द्यावी लागत नाही, त्याची चालच त्याची ओळख असते.

मग गोठवताना नेमकं काय जातं? साध्या फ्रिजच्या गारव्यात रातकिडा नुसता सुस्तावतो. बाहेर काढून ऊब मिळाली की मिशा हलवत चालू लागतो. फ्रीजरमध्ये, शून्याच्या खाली अठरा अंशांवर, अंगातल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि तिथून परतीची वाट नसते. वितळल्यावर कवच तेच, प्रथिनं जवळपास तीच, पण आतला गर सैल पडलेला. वजन केलं तर फारसं काही गेलेलं दिसत नाही. गेलेली असते ती फक्त चाल.

आणि चालीबरोबर एक दाखलाही जातो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. गेवराई-माजलगावच्या कपाशीत फवारणीनंतर जो नाकतोडा सहज हाती लागतो, तो आपण चपळ झालो म्हणून लागत नाही. तो विषानं मंदावलेला असू शकतो. असा किडा पकडून खाऊ घालणं म्हणजे सरड्याला औषध पाजणंच. जिवंत असताना त्याच्या मंद चालीवरून निदान शंका तरी येते. गोठवल्यावर धडधाकट आणि विषबाधित दोघंही सारखेच निपचित. म्हणून शेतातला किडा पकडून गोठवू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. गोठवायचाच तर खास पैदास केलेला, काय खाऊन वाढला ते माहीत असलेला.

काय खाऊन वाढला, हे तर फारच महत्त्वाचं. किडा म्हणजे एक चालती पिशवी. सरडा किडा खातो तेव्हा किड्याच्या पोटातलं शेवटचं जेवणही खातो. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदीच थोडं. नुसत्या त्याच्यावर वाढलेल्या ड्रॅगनची हाडं मऊ पडतात. म्हणून रातकिड्याला आधीचा दिवसभर चांगला पाला चारतात आणि वरून कॅल्शियमची पूड लावतात. उपाशी रातकिडा गोठवला तर त्याची उपासमारही गोठते, मागाहून काही भरता येत नाही. पूड लावण्यात मात्र मेलेला किडा सरस. जिवंत रातकिडा अंग साफ करून निम्मी पूड झाडून टाकतो, हा बापडा काय झाडणार!

किड्याची हालचाल नेमक्या वेळी थांबवणं ही गोष्ट बीडला मुळीच नवी नाही. तुतीची लागवड आणि रेशीम कोष यांत हा जिल्हा राज्यात पुढे आहे. एकेकाळी इथले शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे. आता बीडच्या बाजार समितीतच कोषांचा सौदा होतो. रेशीम अळी चार वेळा कात टाकते, साधारण पंचवीस-सव्वीस दिवस तुती खाते आणि मग डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत स्वतःभोवती धागा विणते. आतला पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडून धागा तुटतो. म्हणून त्याआधी कोषांना गरम हवा किंवा वाफ देऊन आतला जीव थांबवतात. फ्रीजरमध्ये गारठा जे करतो, ते इथं उष्णता करते. धागा काढल्यावर उरतो तो मेलेला प्युपा. त्यात प्रथिनं भरपूर, चरबीही बरीच, कोंबड्या-माशांना चांगलं खाद्य. परदेशात ड्रॅगनला जिवंत रेशीम अळीही देतात. मऊ असते, पचायला हलकी. ती धावत नाही, माणसानं हजारो वर्षं सांभाळून तिची भटकंती संपवली आहे, तिचा पतंग तर उडतही नाही. तरी पान संपलं की ती डोकं वर करून डोलवते. सरड्याला तेवढं पुरतं.

आता ऊब. सरड्याच्या जातीला पचनासाठी बाहेरची उष्णता लागते. ड्रॅगनच्या पेटीत उन्हाची जागा चाळीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते. थंड देशांत त्यासाठी दिवे, थर्मोस्टॅट, विजेची बिलं. बीडच्या एप्रिल-मे महिन्यात सावलीतच एवढी उष्णता असते, उलट त्याला थंड कोपरा शोधून द्यावा लागेल. इथं अडचण दिव्याची नाही, फ्रीजरची आहे. ऐन दुपारी बराच वेळ लाइट गेली की किडे अर्धे वितळू शकतात. लाइट आली की पुन्हा गोठतात, आणि पाकीट वरून जसंच्या तसं दिसतं. गारठ्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. मेलेला किडा पुन्हा चालत नाही, त्याच्यावरचे जंतू मात्र चालू लागतात. एकदा वितळलेला किडा पुन्हा आत ठेवायचा नाही आणि बर्फाळ किडा तसाच सरड्याच्या पोटात घालायचा नाही. आधी पुरता वितळवायचा, कोमट करायचा, कोरडा पुसायचा.

आणि मग हलवायचा. जाणती माणसं तो लांब चिमट्यात धरतात आणि सरड्याच्या नजरेच्या टप्प्यात थरथरवतात. सतत नाही. थोडं हलवून थांबायचं, परत थोडं, खरा रातकिडा चालतो तसं. ड्रॅगन मान तिरकी करतो, एका डोळ्यानं निरखतो, जीभ बाहेर येते. किड्यातून काढून घेतलेली चाल माणसाच्या मनगटानं त्याला उसनी द्यायची असते. काही दिवसांनी ती उसनवारी चिमट्यालाच चिकटते. चिमटा दिसला, फ्रिजचं दार वाजलं, की ड्रॅगन काचेपाशी धावत येतो. त्याच्या लेखी आता किडा चालत नाही, माणूस चालतो. त्याचं कुंपण काचेचं झालं, इतकंच.

कधी तो बघतही नाही. पोट भरलेलं असतं, कात टाकायची असते. तेव्हा तो वितळलेला किडा अंगणात टाकून द्यावा. दहा मिनिटांत मुंग्या लागतात, चहूबाजूंनी धरतात आणि तो मेलेला रातकिडा धक्के खात, अडखळत, भिंतीकडे निघतो. बाभळीच्या काट्यांवर बसलेला आपला सरडा मान वळवतो.