ग्रहण कोणाला लागते?

सूर्याला ग्रहण लागले, असे आपण म्हणतो. पंचांगात तसेच छापलेले असते. पण जरा विचार केला तर ध्यानात येईल की, सूर्याला काहीच लागत नाही. चंद्र मध्ये येतो, त्याची सावली पृथ्वीवर पडते आणि त्या सावलीत जे सापडतात त्यांना सूर्य झाकलेला दिसतो. सूर्याला या साऱ्याची वार्ताही नसते. ग्रहण लागते ते आपल्याला. चंद्रग्रहणाची गोष्ट निराळी. तेथे पृथ्वीची सावली खरोखरच चंद्रावर पडते. म्हणून त्या वेळी जेथे जेथे चंद्र आकाशात असेल तेथे तेथे ते सारखेच दिसते. सूर्यग्रहण मात्र तुम्ही कोठे उभे आहात यावर अवलंबून. एकाला खग्रास, दुसऱ्याला खंडग्रास, आणि तिसऱ्याच्या अंगणात लख्ख ऊन!

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि सूर्यग्रहणही अमावास्येलाच होते. तेव्हा दोघांची गाठ अधूनमधून पडायचीच. १९९५ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, राजस्थानपासून बंगालपर्यंत खग्रास ग्रहण दिसले. २०२२ साली २५ ऑक्टोबरलाही तसेच झाले. त्या संध्याकाळी आमच्या नाशकात ग्रासलेला सूर्य ग्रासलेलाच मावळला. ज्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या त्यांना तो दिसला नाही, एवढेच.

या भयाचे खापर अज्ञानावर फोडण्याची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. पंचांगकर्ते स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा पिढ्यान्‌पिढ्या गणिताने काढीत आले आहेत. राहू मनाला येईल तेव्हा गिळत असता तर आगाऊ वेळ कशी छापता आली असती? म्हणजे ज्ञान घरात होतेच. ते पंचांगाच्या रूपाने खुंटीला टांगलेले होते, आणि भय त्याच खुंटीखाली पाट मांडून बसले होते.

नाशिकहून चाळीसगाव काही फार लांब नाही. तेथून जवळच, पाटणे येथील देवीच्या देवळात, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्या मठाला तेथल्या निकुंभ घराण्याने दान दिले, असा त्याचा आशय. त्या दानाची तिथी आहे इ. स. १२०७ मधली श्रावणी पौर्णिमा, आणि वेळ आहे चंद्रग्रहणाची. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच पर्वकाळी दान! त्या माणसांना ग्रहण ही सावली आहे हे ठाऊक होते, आणि तरीही ती वेळ काही चांगले करण्याची आहे असे त्यांना वाटले. श्रद्धा आणि शास्त्र यांचा याहून शहाणा संसार मला तरी दुसरीकडे आढळलेला नाही.

मग बिघडले कोठे? मला वाटते, वाटपात बिघडले. ज्ञान ओसरीवर राहिले आणि भय स्वयंपाकघरात गेले. घरातले पुरुष ग्रहणात गोदावरीवर जाऊन स्नान करून येत, जप करीत. दिवस गेलेली सून मात्र अंधाऱ्या खोलीत. तिने चिरू नये, कापू नये, शिवू नये, पाणीसुद्धा पिऊ नये. आणि रस्त्यावर मांगवाड्यातून आलेली माणसे हाक घालीत जात, ‘दे दान, सुटे गिऱ्हाण!’ माझ्या लहानपणी ही हाक मी पंचवटीच्या गल्ल्यांतून ऐकली आहे. वरून जुनेर पडे, पसाभर धान्य पडे. पण हाताला हात लागू नये याची खबरदारी घेऊन. ग्रहणाचा विटाळ जणू त्यांनी झोळीत भरून न्यायचा! याच पंचवटीत, काळाराम मंदिराच्या दारात, २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दार मागणारी माणसे ही त्याच समाजाच्या कडेला ठेवलेली होती. सूर्याचे ग्रहण दोन-तीन तासांत सुटे; यांचे कोणत्या पंचांगाने सुटायचे होते?

हे सारे आता मागे पडले आहे, असे म्हणवत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला गेला आणि ऐंशी मिनिटांहून अधिक काळ तो तसाच तांबूस राहिला. आमच्या थोरल्या वहिनींच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. दुपारी वेध लागल्यापासून वहिनींनी तिच्यावर पहारा बसवला. मी पृथ्वीच्या सावलीची गोष्ट काढली. वहिनींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “भावोजी, तुमचं शास्त्र खरं असेल. पण उद्या काही कमीजास्त झालं, तर सावलीला जाब विचारायला जाऊ का मी?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात माया आहे. चार तास आत बसल्याने काय बिघडते, असा तो हिशेब आहे. पण या हिशेबात एक रक्कम मांडायची राहून जाते. मूल दुभंगलेला ओठ घेऊन जन्माला आले, तर ‘ग्रहणात काही चिरलं असशील’ हे वाक्य त्याच्या आईला ऐकावे लागते, आणि पुढे जन्मभर ती ते स्वतःलाच ऐकवीत राहते. सावलीला जाब कोणी विचारीत नाही हे खरेच. तो आईलाच विचारला जातो. मायेने सुरू झालेला नियम आरोपात संपतो. दुसऱ्याच्या काळजीपोटी आपण जे भय त्याच्या स्वाधीन करतो, त्याची किंमत आपल्याला नव्हे, त्याला मोजावी लागते. म्हणून असे भय हाती देण्यापूर्वी ते खरे आहे की नाही हे तपासून घेणे, हा मला मायेचाच भाग वाटतो.

त्या रात्री माझ्या युक्तिवादाने काही झाले नाही. सूनच वहिनींना म्हणाली, “आई, तुम्ही कधी पाहिलंय का हो ग्रहण?” वहिनी गप्प राहिल्या. १९९५ च्या दिवाळीत त्या स्वतः गरोदर होत्या; घरात फराळाची ताटे भरली जात असता त्या सकाळी त्या माजघरात दार लावून बसल्या होत्या. त्यानंतरच्या कोणत्याही ग्रहणात त्यांना वर पाहावेसे वाटले नव्हते. “मग आज दोघी मिळून पाहू,” सून म्हणाली. ढगांच्या फटीतून तांब्याच्या जुन्या पैशासारखा चंद्र दिसला तेव्हा वहिनींनी आधी हात जोडले आणि मग कितीतरी वेळ त्या गच्चीवरून हलल्याच नाहीत. हात जोडण्याला माझी काहीच हरकत नव्हती.

ग्रहणाच्या भयात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि नेमकी तीच सांगायला आपण विसरतो. खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही भरवशाचे नाही. ग्रहणासाठी खास बनवलेला प्रमाणित चष्मा घ्यावा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करून स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरावी; तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक सूर्यकोर उतरते. कडुनिंबाच्या सावलीतही अशा शेकडो कोरी सांडलेल्या दिसतात. हे पाहणे पोरांपासून आजीपर्यंत सर्वांना निर्धोक. चंद्रग्रहणाला तर यातले काहीच लागत नाही. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री जे खग्रास चंद्रग्रहण आहे, ते पाहायला गच्ची आणि घोंगडी पुरे.

त्याआधी नाशिककरांसाठी एक विलक्षण योग आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवती अमावास्या. जाहीर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे तो सिंहस्थातल्या पहिल्या अमृतस्नानाचा दिवस. आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्सरला भर दुपारी सहा मिनिटांहून अधिक काळ अंधार होईल. आपल्याकडे दुपारनंतर सूर्याचा लहानसा लचका तुटलेला दिसेल. दिवस पावसाचे. त्र्यंबक-इगतपुरीचे डोंगर ढगांत बुडालेले असतात, तेव्हा पाहायचेच असेल तर उलट दिशेला, सिन्नर-येवल्याच्या कोरड्या माळावर जावे आणि पश्चिम मोकळी दिसेल अशी जागा धरावी.

रामकुंडावर त्या दिवशी अलोट गर्दी असेल. स्नान करणाऱ्यांनी स्नान करावे, दान देणाऱ्यांनी दान द्यावे. पाटण्याच्या त्या दात्याची आठवण ठेवून एखाद्या शाळेला दिले तर अधिकच चांगले. मात्र घरात कोणी दिवस गेलेली असेल, तर तिला दार लावून बसवू नये. चाळणी तिच्याच हाती द्यावी, आणि तिच्या अंगणात उतरलेल्या कोरी तिलाच मोजू द्याव्यात.