वेताळाच्या जंगलात नाकेदार नव्हता

वेताळाला खलनायकांचा तुटवडा कधी पडला नाही. चाचे, गुलामांचे व्यापारी, हिऱ्यांचे तस्कर, सत्तेने पिसाळलेले सेनापती. दर अंकाला नवा कुणीतरी, आणि प्रत्येकाचा जबडा अंगठीतल्या कवटीची खूण उमटवून घ्यायला जणू तयारच. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली तेव्हा पहिल्या अंकाचा मान त्याचाच होता. ली फॉकने फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला हा फँटम आपल्याकडे वेताळ झाला, त्याचा बंगाला देश डेंकाली झाला, आणि १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी जंगल म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकून घेतलं. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा हे शिक्षण पक्कं बसलं.

ते जंगल देखणं होतं. कवटीच्या आकाराची गुहा, नगाऱ्यांवरून पोचणारे निरोप, विषारी बाणांचे बुटके बांडार, पांढरा घोडा, पाळीव लांडगा. आणि चारशे वर्षांत कधीही न मेलेला एक माणूस. खरं तर बापामागून मुलगा अशी ती एकवीस माणसं, पण हे गुपित आतल्यांपुरतंच. या सगळ्या चित्रात एक गोष्ट नाही, आणि ती नाही हे गडचिरोलीहून मुरूमगावच्या रस्त्याने धानोऱ्याला गेलेल्या माणसाला चटकन जाणवतं. वेताळाच्या जंगलात वनखातं नाही. नाका नाही, नाकेदार नाही, टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, मागणारं कुणी नाही. गस्ती पथक आहे, पण ते तस्करांच्या मागे धावतं. टोपलीसाठी बांबू तोडणाऱ्या बांडार बाईला अडवून परवाना विचारणारा गणवेशातला माणूस मला तरी त्या अंकांमध्ये भेटला नाही.

धानोरा तालुक्यातल्या गोंड माणसाला जंगलातली भीती चांगली ठाऊक आहे. वाघाची आहे, अस्वलाची त्याहून जास्त आहे. पण रोजची भीती कागदाची. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातली झाडाची व्याख्या ताड, बांबू, खुंट, झुडुपं, वेत या सगळ्यांना २०१७ पर्यंत एकाच दावणीला बांधत होती. त्यामुळे घराचा कूड घालायला तोडलेला बांबू हा गुन्हा, आणि भाडेपट्ट्यावर तोडून ट्रकांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीला गेलेला बांबू हा सरकारी महसूल. आता यात ठोसा कुणाच्या जबड्यावर मारायचा? नाकेदाराच्या? तो कोंबडी नेतो, शिव्या देतो, हे खरं आहे आणि अपमानाचं आहे. पण नियम त्याने केलेला नाही. ज्याने केला तो साहेब कधीच मेला. गिरणीचा मालक शहरात बसतो आणि त्याच्या सगळ्या कागदांवर शिक्के आहेत.

मुखवटा घालून न्याय करणाऱ्या नायकांवर टीका पुष्कळ झाली आहे. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी १९८६-८७ मध्ये ‘वॉचमेन’ लिहून-काढून या नायकांची अशी सालं काढली की पुढे कुणाला फारसं सोलायला उरलं नाही. वेताळाबद्दलही हे सगळं म्हणता येतं. गोरा माणूस, काळ्या माणसांचा पिढीजात राखणदार, कुणाला उत्तरदायी नाही. फॉकला याची काहीशी जाणीव असावी, कारण पुढे त्याने बंगालाला लामांडा लुआगा नावाचा निवडून आलेला, डॉक्टर असलेला राष्ट्राध्यक्ष दिला. पण गस्ती पथकाचा अज्ञात सेनापती, म्हणजे वेताळच, मात्र अज्ञातच राहिला. लोकशाही आली आणि बंदूक कुणाच्या हुकमाने चालते ते विचारायचं नाही, असा हा करार.

तरीही मला नायकाची एवढी चिंता वाटत नाही. मुलं मोठी झाली की मुखवटा घालून छपरांवर उड्या मारत नाहीत. मनात मुरतो तो खलनायक. अन्यायाला एक चेहरा असतो, तो चेहरा ओळखला आणि ठेचला की अन्याय संपतो, ही समजूत बत्तीस पानांत इतक्या वेळा गिरवली जाते की पुढे ती समजूत आहे हेही लक्षात राहत नाही.

आरंभी हे असं नव्हतं. जून १९३८ च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन आज वाचला तर आश्चर्य वाटतं. तो विजेच्या खुर्चीकडे निघालेल्या निरपराध बाईसाठी गव्हर्नरचं दार तोडतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, वॉशिंग्टनमधल्या एका दलालाला उचलून टेलिफोनच्या तारांवरून पळत घाबरवतो. ऑगस्टच्या अंकात तो खाण कामगाराच्या वेषात खाणीत उतरतो आणि सुरक्षेवर खर्च न करणाऱ्या मालकाला त्याच्या पाहुण्यांसकट त्याच खाणीत अडकवतो, म्हणजे मजुरांना काय सोसावं लागतं ते त्याला कळेल. मंदीच्या काळात क्लीव्हलंडमध्ये वाढलेल्या दोन पोरांची, सीगल आणि शूस्टरची, ही कल्पना होती. त्यांना आपल्या गल्लीतले शत्रू माहीत होते. सूरजागडच्या लोहखनिजावरून रान पेटलेल्या या जिल्ह्यात तो अंक कुणी वाटला असता तर पोलिसांनी जप्त केला असता, असं गमतीने म्हणावंसं वाटतं.

मग खाणमालक गेला आणि वेडे शास्त्रज्ञ आले. नियम, पगार, भाडं यांच्याशी कुस्ती खेळता येत नाही, चित्रात ती शोभतही नाही. १९४० च्या वसंतात बॅटमॅनच्या पहिल्या स्वतंत्र अंकात जोकर आला. विष घालून मारतो आणि प्रेताच्या तोंडावर हसू ठेवून जातो. लेखक त्याला त्याच अंकाच्या शेवटी मारणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ म्हणाले, जगू द्या याला, आणि तो जिवंत असल्याचं एक चित्र शेवटी घुसवलं गेलं. पुढच्या महिन्याचा अंक विकायचा तर शत्रू उरला पाहिजे. धंद्याचं हे गणित मला कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त शिकवून जातं. १९५४ मध्ये अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःला आचारसंहिता लावून घेतली. गुन्हेगार शेवटी हरलाच पाहिजे, पोलीस आणि न्यायाधीश यांचा अनादर दिसता कामा नये. खाणमालकाला परतायची वाट तिथे आणखी अरुंद झाली.

इंद्रजालचा देशी नायक बहादूर. आबिद सुरतींनी तो १९७६ मध्ये आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, जीन्स, बाप डाकू आणि पोलिसांच्या गोळीने मेलेला. सूड घ्यायला निघालेला हा मुलगा अखेर डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभारतो. मला बहादूर वेताळापेक्षा जवळचा वाटायचा; त्याला मुखवटा नव्हता आणि त्याचा गाव ओळखीचा होता. पण त्याच्या चारच वर्षं आधी, एप्रिल १९७२ मध्ये, चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं ठेवली होती. बोलणी, हमी, खटले, पुनर्वसन. या घटनेची चित्रकथा कुणाला सुचली नाही. सुचली असती तरी तिसऱ्या पानावर वाचक झोपला असता.

बहादूरच्या दलाची गोष्ट मात्र खरोखरीच्या जंगलात घडली. धानोऱ्याच्या पूर्वेला सीमा ओलांडली की छत्तीसगड. त्याच राज्याच्या दक्षिणेला, बस्तरमध्ये, २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झालं. गावातलीच पोरं, हातात बंदूक, नाव विशेष पोलीस अधिकारी. कॉमिक वाचून कुणी हे केलं असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. कथानक मात्र तेच. गावं ओस पडली, माणसं छावण्यांत गेली, भाऊ भावाला ओळखीने मारू लागला. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाच्या सुरुवातीला न्यायमूर्तींना जोसेफ कॉनरॅडची, जंगलात शिरून सैतान झालेल्या माणसाची, कादंबरी आठवली होती. न्यायालयाने तरी जंगलाची बरी गोष्ट वाचलेली होती.

दादालोकांचं, म्हणजे नक्षलवाद्यांचं, काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. ऐंशीच्या दशकात ते इथे आले तेव्हा तेंदूच्या पुड्याचा दर वाढला, बांबू कटाईची मजुरी वाढली, कोंबड्या नेणारे हात आखडले. कुठल्याही कार्यालयाने जे केलं नव्हतं ते झालं आणि लोकांनी ते पाहिलं. हे नाकारणं अप्रामाणिक आहे. त्या काळातला त्यांचा शत्रू सुपरमॅनच्या खाणमालकासारखा होता, नेमका आणि जवळचा. पण ठेकेदार पैसे मोजू लागला, तडजोडीला आला, आणि मग शत्रू म्हणून उरला तो खबऱ्या. म्हणजे बहुतेक वेळा दुसरा गोंडच. रात्री घरातून नेलेला, सकाळी रस्त्यावर, शेजारी पत्रक. वेताळ जबड्यावर खूण उमटवून जातो आणि वाचक टाळ्या वाजवतो, कारण चित्रकाराने आधीच दाखवलेलं असतं की माणूस दोषी आहे. पत्रकाशेजारच्या माणसाबद्दल असं आधीचं पान नसतं.

२००९ हे वर्ष धानोरा तालुका विसरू शकत नाही. १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा पोलीस मारले गेले, २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ सोळा, त्यात पाच महिला पोलीस. त्याच वर्षी याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढा आणि याच जिल्ह्यातलं मारदा ही असा हक्क मिळालेली देशातली पहिली गावं. पहिल्या दोन बातम्या देशभर गेल्या, तिसरी आतल्या पानांत राहिली. पत्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. मारणारा आणि मरणारा असला की बातमीची चौकट आपोआप आखली जाते.

मेंढ्याची गोष्ट मिलिंद बोकील यांनी पुस्तकात सविस्तर सांगितली आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. त्यातला घोटुलाचा प्रसंग तेवढा घेतो. गावाने जंगलातल्या लाकडाचं घोटुल, म्हणजे तरुणांनी एकत्र जमायचं घर, बांधलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून मोडून नेलं. चित्रकथेच्या हिशेबाने आता रात्रीच्या अंधारात कुणीतरी रेंजरच्या बंगल्यात शिरायला हवं. इथे भोवतालच्या गावांची सभा बसली आणि ठरलं की आता एकाच नव्हे, बऱ्याच गावांनी घोटुल बांधायचं. बांधली. खात्याला एक घोटुल मोडता येत होतं. इतकी मोडायला निघावं तर शत्रू कोण हेच ठरेना.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत थांबायचं. एक जण अडला तर विषय पुढच्या सभेला. दारूबंदीसारख्या विषयावर याला किती सभा लागल्या असतील याची कल्पना करावी. गावातले देवाजी तोफा आणि छात्र युवा संघर्ष वाहिनीतून, म्हणजे जेपींच्याच चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यास गट चालवला, कायदे वाचले, वाचून दाखवले. वेताळाच्या जंगलात एका माणसाचा निर्णय पुरतो. मेंढ्यात एका माणसाचा नकार पुरतो. यात वेळ जातो, चिडचिड होते, कधी कधी चांगली गोष्टही अडकते. पण शत्रू म्हणून कुणाला बाहेर काढायचं असेल तर त्यालाही सभेत बसवून ऐकावं लागतं, आणि समोर बसलेल्या माणसाचा खलनायक करणं अवघड जातं.

नायकच नको असं या भागाने कधी म्हटलेलं नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले बाबुराव शेडमाके इथल्या माणसांच्या बोलण्यात अजून आहेत. फास पुन्हा पुन्हा तुटला अशी कथाही आहे. पण ते मुखवट्यातले नव्हते. कुणाचा मुलगा, कुठली जमीनदारी, कुणाशी लढला, सगळं उघड. दंतकथा लोकांनी मागाहून जोडली. वेताळ आपली दंतकथा स्वतः सांभाळतो, आणि ती सांभाळायची तर बाप मेला हेही लपवावं लागतं.

वनहक्क मिळाल्यावरही बांबू मेंढ्याच्या हाती आला नव्हता. हक्क आहे, पण वाहतुकीचा परवाना द्यायचा खात्याने, आणि खात्याच्या लेखी बांबू अजून झाडच. २००६ चा वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणत होता. दोन कायदे, दोन व्याख्या, मध्ये उभा गाव. पत्रव्यवहार, अर्ज, पुन्हा पत्रव्यवहार. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळायला संसदेला २०१७ ची दुरुस्ती करावी लागली. म्हणजे कायद्यातला एक शब्द गाळायला नव्वद वर्षं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखले जाणारे माओवाद्यांचे मोठे नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. जिल्हा आता खलनायकमुक्त झाल्यासारखं लिहिलं-बोललं जातं. बंदुका कमी झाल्या याचा आनंद इथे राहणाऱ्यांना जितका आहे तितका बाहेरच्यांना कळणार नाही. पण तेंदूचा लिलाव ग्रामसभेने करायचा की खात्याने, सामूहिक हक्काच्या जंगलात कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला पट्टा, कुणी तोडायचा, खाणीला ग्रामसभेची संमती कशी घेतली, ही भांडणं तशीच चालू आहेत आणि त्यांत समोर कुणी मुखवट्यातलं नाही. इंद्रजालचा पहिला अंक निघाला त्याच १९६४ साली महाराष्ट्राने ग्रामदानाचा कायदा केला होता. मेंढ्याच्या लोकांनी २०१३ मध्ये त्या कायद्याखाली आपापली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. तेही सगळ्यांच्या होकाराने. त्याची अंमलबजावणी सरकारदरबारी पुढे कितीतरी वर्षं रेंगाळली, आणि गाव अर्ज करत राहिलं.