प्रसाद कुणाला आणि कुठल्या वयात?

शंकराच्या नावावर गांजाचं समर्थन आपल्याकडे सहज खपतं. महाशिवरात्रीला भांगेचा पेला ‘भोलेनाथाचा प्रसाद’ म्हणून पुढं येतो आणि तोच युक्तिवाद अकरावी-बारावीतल्या पोराच्या चिलमीपर्यंत पोचतो. पण परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. चिलीम ओढणारा बैरागी दीक्षा घेऊन, घरदार सोडून बसलेला असतो. परीक्षा, नोकरी, संसार यातलं काहीच त्याला गाठायचं नसतं. एकाला जे चालतं ते सगळ्यांना चालत नाही, हा अधिकारभेद आपल्या धर्मविचारात जागोजागी आहे. कोल्हापूरच्या तालमीतही थंडाई घोटतात, पण त्या कुंडीत बदाम, खसखस आणि मिरी पडते. मारुतीसमोर लंगोट कसणाऱ्या पोराची नशा वस्ताद खपवून घेत नाही.

‘शरीर माझं, निवड माझी’ हा दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. मात्र निवडणारा मेंदूच अर्धवट घडलेला असेल तर? मोह आवरणारा, परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो आणि गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य नेमकं त्या घडणीत ढवळाढवळ करतं. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण, कधीच न ओढलेल्यांच्या सहापट निघालं. हे १९८७ साली प्रसिद्ध झालं. मुळात अस्वस्थ असलेली मुलंच गांजाकडे वळत असतील, हा आक्षेप खरा आहे. असे घटक हिशेबात धरल्यावर आकडा बराच उतरला, पण धोका पुसला गेला नाही. बुद्ध्यांक घटतो की नाही, यावर मात्र जुळ्यांच्या अभ्यासांनी शंका घेतली आहे, म्हणून त्या मुद्द्यावर मी भर देत नाही. ओढणारे बहुतेक जण वेडे होत नाहीत, हेही खरंच. कुणाचं मन ढळणार हे आधी कळत नाही, अडचण तिथं आहे.

दारू-तंबाखू चालते, मग गांजाच का नको, असं विचारतात. सोळाव्या वर्षी तीही नकोच, इतकंच उत्तर पुरे.

आता हाच तर्क घरच्यांनाही लावावा लागेल. पोराची संमती अपुरी मानली, तर त्याचा अपराधही तितकाच अपुरा मानायला हवा. झोडपून काढणं किंवा बदनामीच्या भीतीनं लपवणं, दोन्ही चूक. त्याला उपचारांपर्यंत न्यावं; कायद्यानंही ती वाट मोकळी ठेवली आहे. थोड्या प्रमाणातल्या गांजाबद्दल पकडला गेलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला, तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यातून सूट देतं.