मागे राहिलेला माल

भिवंडीत यंत्रमागाचं कापड असो की माणकोलीकडच्या गोदामांतला माल, टेम्पो भरताना प्रश्न एकच असतो: जागा एवढी, माल त्याहून जास्त, काय घ्यायचं, काय ठेवायचं? संगणकशास्त्रात याला ‘नॅपसॅक प्रॉब्लेम’ म्हणतात.

समजा, टेम्पो 10 क्विंटलचा आहे. एका व्यापाऱ्याचा माल 6 क्विंटल, भाडं 3000 रुपये. दुसऱ्या दोघांचा प्रत्येकी 5 क्विंटल, भाडं प्रत्येकी 2200. माल फोडता येत नाही. क्विंटलमागे जास्त देणाऱ्या पहिल्याला घेतलं, तर उरलेल्या जागेत कोणीच मावत नाही. दुसऱ्या दोघांना घेतलं, तर 4400 मिळतात.

तीन नग तोंडी सुटतात. 40 नग असले, तर निवडीचे पर्याय 1 लाख कोटींच्या वर जातात. डायनॅमिक प्रोग्रामिंग त्याऐवजी तक्ता मांडतं: प्रत्येक नग, प्रत्येक क्षमता, घेतला तर किती, सोडला तर किती, मोठा आकडा ठेवायचा. इथे साडेचारशेच्या आसपास घरांत काम भागतं. ही पद्धत 1950च्या दशकात रिचर्ड बेलमन यांनी मांडली. तिचा पाया असा: इथवर कसे आलात ते विसरा, आता हाती काय उरलंय, त्यातून उत्तम तेवढं काढा.

मला अडचण या विसरण्यात दिसते. उद्या पुन्हा 5-5 क्विंटलवाले दोघे आले, तर पहिला पुन्हा मागे राहील. परवाही. रोजचं उत्तर बिनचूक, आणि तरी एकाच माणसावर रोज अन्याय. गणितासाठी तो दररोज नवा असतो. त्याच्यासाठी मात्र हा तिसरा दिवस असतो.

यावर तोडगा आहे. थांबलेल्या प्रत्येक दिवसामागे त्याच्या मालाची किंमत तक्त्यात 500नं वाढवा. तीन दिवस थांबल्यावर ती 4500 होते, आणि चौथ्या दिवशी तो टेम्पोत चढतो. टेम्पोवाल्याच्या खिशात मात्र 3000च येतात. म्हणजे त्या दिवशी न्यायाची किंमत 1400 रुपये, आणि ती कोणीतरी खरोखर सोसलेली असते.

पण 500च का? 50 का नाही? याचं उत्तर तक्त्यात कुठेच नाही. तक्ता भरण्याआधी कोणीतरी तो आकडा ठरवतो. बहुतेक वेळा माझ्यासारखाच कोणी, गोदामापासून लांब बसून. काहीच न ठरवणं म्हणजे शून्य ठरवणं. त्यामुळे ‘सिस्टिमनं ठरवलं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. सिस्टिमनं फक्त बेरीज केली; कोणाचं थांबणं किती मोलाचं, हे माणसानं ठरवलं. ज्याचा माल मागे राहिला, त्याला निदान तो आकडा विचारता यायला हवा.