मातीची नावे

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण माती आहोत याचे आम्हांस स्मरण करून दिले जाते. पण माती म्हणजे कोणती? मिरजेच्या परिसरात हा प्रश्न सहज पडतो. कृष्णाकाठी खोल, काळी जमीन. चढावर माळाची उथळ, तांबूस, मुरमाड. दोहींचा मूळ पाषाण एकच: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा. चढावरचे पाणी निचरून जाते, मागे लोहाचा तांबडेपणा उरतो. सखल भागी बारीक माती व चुना साचून जमीन काळी होते. पाषाण, हवामान, उतार, जीवसृष्टी आणि काळ मिळून माती घडवितात. वीतभर थरास शतके लागतात.

१८८३ साली रशियाच्या वासिली दोकुचायेव यांनी माती हा खडकाचा निव्वळ भुगा नसून स्वतंत्र निसर्गवस्तू आहे, असे प्रतिपादन केले. वर्गीकरणे पुढे पुष्कळ झाली. अडचण मात्र राहिली. काळी कोठे संपते आणि तांबडी कोठे सुरू होते, हे बांधावर उभे राहून सांगता येत नाही. माती अखंड आहे. रेषा आमच्या आहेत.

नाव देणे हा दोष नव्हे. त्यावाचून शेतकऱ्याने पीक कसे निवडावे? दोष घडतो तो नावाचा निवाडा होतो तेव्हा. धर्मग्रामात नवे कुटुंब आले की आम्ही विचारतो, "आपण कुठले?" आणि मग हळूच, "कोणातले?" पहिल्या प्रश्नात आपुलकी असते, दुसऱ्यात मोजमाप. उत्तर मिळताच सोयरिकीची सीमा ठरून जाते.

कोणी म्हणेल, पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूनेही जमिनीचे चार प्रकार सांगितले. खरे आहे. पण तेथे जमिनीचे कूळ विचारलेले नाही. बीजाचे काय झाले, एवढेच पाहिले आहे. शिवाय जमीन बदलते. मिरज, वाळवा तालुक्यांतील कसदार काळ्या जमिनी अतिपाण्याने खारवट, चोपण झाल्या. निचरा साधल्यावर त्यांतील काही पुन्हा पिकल्या. तेव्हा काळीने गर्व करू नये, चोपणीने निराश होऊ नये.

शास्त्रज्ञ आपल्या काळ्या मातीस 'व्हर्टिसॉल' म्हणतात. लॅटिनमधील 'वळणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती आत जाते; पावसात ती फुगते आणि आतली वर येते. ती स्वतःच स्वतःला उलथते. प्रायश्चित्तकाळी आम्हांकडून याहून वेगळे काय मागितले आहे? शेजाऱ्याची माती पारखण्याआधी आम्ही आपली उलथू या.