‘समृद्ध’ कोण? : काही विशेषणांचा नैतिक भार

समानार्थकोशात ‘श्रीमंत’, ‘धनाढ्य’, ‘संपन्न’, ‘समृद्ध’ ही विशेषणे एका ओळीत बसतात. वाक्यात मात्र ती एकमेकांची जागा घेत नाहीत. ‘धनाढ्य’ केवळ द्रव्य मोजते. ‘श्रीमंत’ त्याला प्रतिष्ठेची जोड देते. पेशव्यांची ती उपाधी झाली ती उगीच नव्हे. ‘संपन्न’ला बहुधा पूर्वपद लागते. मोरोपंत (1729–1794) बारामतीत ज्या नाईकांच्या आश्रयाने राहिले, ते घराणे पेशव्यांना कर्ज देणाऱ्या सावकारांचे. नाईक धनाढ्य आणि पंत विद्यासंपन्न, ही वाटणी उलटवून पाहिली की भाषा अडखळते. ‘समृद्ध’ पंतांच्या शब्दकळेला शोभते, नाईकांच्या तिजोरीला नाही.

याचे कारण ‘ऋध्’ या धातूत आहे : वाढणे, भरभराटणे. म्हणून हे विशेषण व्यक्तीपेक्षा भाषेला, परंपरेला, मुलखाला सहज लागते. नैतिक प्रश्न नेमका येथे उद्भवतो. ‘श्रीमंत’ म्हणताच ‘कोण?’ असे विचारावे लागते. ‘समृद्ध’ तो प्रश्न टाळू देते.

12 मे 1875 रोजी सुपे येथे (आजचा बारामती तालुका) शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. श्रीमंत कोण, याविषयी त्या दिवशी संदिग्धता नव्हती. नावच कागदावर होते. पुढे दहाएक वर्षांत नीरा डावा कालवा वाहू लागला, बारामती-इंदापुरात ऊस आला, कारखाने आले, आणि विशेषण माणसावरून मुलखावर सरकले. हा बदल निव्वळ फसवा म्हणता येणार नाही. सहकारी कारखान्याच्या सभासदाची मिळकत सावकाराच्या मिळकतीहून निश्चितच अधिक सामायिक आहे. परंतु सामायिकतेलाही कुंपण असते. हंगामात मराठवाड्यातून आलेला ऊसतोड मजूर याच समृद्ध परिसरात राहतो. त्याच्या कोपीला ते विशेषण कोणी लावीत नाही. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील गावे गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. पाणी ‘विपुल’ असते तेव्हा ते दिसत नाही.

महसुली मराठीने तर याहून विलक्षण गोष्ट केली आहे. ‘जिरायत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘शेती’. ‘बागायत’च्या शेजारी बसून त्याला ‘कोरडवाहू’ हा अर्थ आला; शेतीचे साधे नावच उणिवेचे नाव झाले. सुपे-मोरगावचा भाग आजही जिरायती पट्टा म्हणूनच ओळखला जातो, आणि तालुका तोच, बारामती.