देवही डोंगर उतरतो
(परतीच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी चार शब्द)



संस्थानच्या कार्यालयात भक्तनिवासाच्या खोल्यांची नोंद ठेवताना एक गोष्ट नेहमी दृष्टीस पडते. येताना यात्रेकरूंच्या मुखावर जो उल्हास असतो, तो निघण्याच्या दिवशी मावळलेला असतो. खोलीची किल्ली परत करताना कितीतरी जण म्हणतात, "पाय निघत नाही हो." कोणी आणखी एका दिवसाची मुदत मागतात. ही ओढ भक्तीतूनच येते, म्हणून तिचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु तिच्या पोटी एक सूक्ष्म भ्रमही दडलेला असतो. देव इथेच राहिला आणि आपण त्याला सोडून संसाराच्या रुक्ष वाटेस लागलो, असा तो भ्रम होय. एके काळी तो माझाही होता. तो कसा निरसला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्ष महिन्यात हिमालयात उखीमठ येथे जाण्याचा योग आला. श्रीकेदारनाथाचे मंदिर सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे सर्वत्र बर्फ साचते व मनुष्यवस्ती राहत नाही. म्हणून भाऊबीजेच्या दिवशी स्वयंभू लिंगाची समाधिपूजा होते, भस्म व पुष्पांनी ते आच्छादिले जाते आणि मंदिराची कवाडे बंद होतात. त्याच दिवशी देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत विराजमान होऊन डोंगर उतरू लागते. रामपूर व गुप्तकाशी येथे मुक्काम करीत ती तिसऱ्या दिवशी उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात पोहोचते. पुढे कवाडे पुन्हा उघडेपर्यंत केदारनाथाची पूजाअर्चा येथेच चालते. कवाडे उघडण्याचा मुहूर्तही महाशिवरात्रीस याच मंदिरात जाहीर होतो.

हिवाळ्यात तेथे गर्दी नव्हती. पहाटे समोरच्या हिमशिखरांवर कोवळे ऊन उतरत असे, खाली मंदाकिनीचा प्रवाह, पलीकडच्या उतारावर गुप्तकाशीची घरे. मंदिरात सावकाश दर्शन होई. आठ दिवस कसे सरले ते कळले नाही. निघण्याचा दिवस उजाडला तेव्हा मात्र मन बंड करून उठले.

त्याचे कारण येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरी माझी वृद्ध आई तीन वर्षांपासून अंथरुणास खिळलेली होती. तिला उठविणे, बसविणे, भरविणे, रात्री दोनदा कूस बदलविणे, हा आम्हा पतिपत्नींचा नित्यक्रम होता. मी यात्रेस आलो तेव्हा तो सारा भार पत्नीने एकटीने उचलला होता. उखीमठला त्या आठ रात्री मी सलग झोपलो होतो. ती झोप मला सोडवेना, आणि तिला मी भक्ती असे नाव दिले. दूरध्वनीवरून मी पत्नीस कळविले, "बर्फ पडून रस्ता बंद झाला आहे, दोन दिवस उशीर होईल." वास्तविक रुद्रप्रयागकडे जाणारा रस्ता अगदी मोकळा होता. ती म्हणाली, "घाई करू नका, जपून या. आई बऱ्या आहेत." देवाच्या दारात उभे राहून मी असत्य बोललो होतो.

त्या सायंकाळी मंदिराच्या प्रांगणात एक वयोवृद्ध ग्रामस्थ पाचोळा झाडीत होते. त्यांनी सहज विचारले, परत कधी निघणार? मी म्हणालो, येथून जावेसेच वाटत नाही. त्यावर ते हिंदीतून जे बोलले त्याचा आशय असा : "केदारबाबांना तरी वर काय उणे आहे? पण दरवर्षी ते खाली येतात. आमच्या गावात अशा म्हाताऱ्या आहेत की ज्यांचे गुडघे गेले. त्या आता केदारला चढू शकत नाहीत. बाबा खाली येतात तेव्हा त्यांना अंगणातून दर्शन घडते. ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी कोणीतरी उतरायला हवे ना?"

एवढे बोलून ते पुन्हा पाचोळा झाडू लागले. मी मात्र जागीच थिजलो. ज्याला चढता येत नाही अशी एक व्यक्ती माझ्याही घरी होती. तिच्यासाठी उतरण्याचे सोडून मी वर लपून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी निघालो.

भाविकहो, देव खाली येतो याचे व्यावहारिक कारण थंडी व बर्फ हे आहेच. परंतु हिमालयातील ही रीत सर्वत्र पाहिली म्हणजे मन थक्क होते. तुंगनाथ मक्कूमठास उतरतो, रुद्रनाथ गोपेश्वरास येतो. बदरीनाथाच्या मूर्तीस माणा गावच्या महिलांनी विणलेले तुपात भिजविलेले लोकरी वस्त्र पांघरवितात आणि उद्धव व कुबेर यांच्या उत्सवमूर्ती पांडुकेश्वरास जातात. गंगोत्रीची गंगामाता मुखबा गावी येते. मुखबा हे तिचे माहेर मानतात. पण माहेर कितीही गोड असले तरी ऋतू पालटताच तीही अक्षय्य तृतीयेस पुन्हा गंगोत्रीस जाते. ज्या देवतांच्या दर्शनासाठी आपण डोंगर चढतो, त्याही एका ठिकाणी राहत नाहीत. मग आपणच का अडून बसावे?

आपल्या महाराष्ट्राच्या परंपरेतही परतीला मान आहे. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला झाला की पालख्या पंढरीहून परतीच्या वाटेस लागतात. त्या परतीच्या वारीस गर्दी थोडी असते, पण ती वारीच असते. काशीयात्रेहून आल्यावर आपले पूर्वज घरी गंगापूजन करून आप्तेष्टांस भोजन घालीत. यालाच मावंदे म्हणतात. मावंदे झाल्यावाचून यात्रा पुरी झाली असे ते मानीत नसत. म्हणजे यात्रेची सांगता घरी होते, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या पंक्तीत होते. संत एकनाथांनी गंगेची कावड वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण सर्व जाणतो. तीर्थाचे जल साठवून ठेवण्यासाठी नसते, हेच तिचे सार होय.

घरी पोहोचताच हातपाय धुऊन मी आईच्या मुखात गंगाजल घातले, कपाळी केदारनाथाचे भस्म लावले. नंतर पत्नीच्या देखत तिला सांगितले, "आई, रस्ता बंद नव्हता. मलाच यावेसे वाटत नव्हते." पत्नी काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले. आई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग क्षीण स्वरात म्हणाली, "दमला होतास रे. आलास ना, झालं." त्या रात्री पत्नीस निजावयास सांगून दोन्ही वेळा मीच उठलो. काम तेच होते, परंतु त्या रात्री मला ते ओझे वाटले नाही. दमलेल्या माणसाने विसावा जरूर घ्यावा, पण तो मोकळेपणाने मागून घ्यावा, हेही मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून श्रीक्षेत्राहून निघताना आपण पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, ही नम्र विनंती :

१. परतण्याचा दिवस घरच्यांना खरा कळवावा. उशीर होणार असल्यास कारणही खरे सांगावे.

२. तीर्थ व प्रसाद प्रथम त्यांस द्यावा, ज्यांना यात्रेस येणे शक्य झाले नाही.

३. आपल्या पश्चात ज्याने घर सांभाळले, त्याचे आभार मानावेत आणि निदान काही दिवस त्याच्या वाट्याचे काम आपण करावे.

४. यथाशक्ती मावंदे करावे. चार जणांस साधे वरण-भात वाढला तरी पुरे. ज्याच्याशी अबोला आहे अशा एकास तरी अवश्य बोलवावे.

५. यात्रेत पाळलेला एखादा नियम, मग तो पहाटेचे स्नान असो, नामस्मरण असो वा मितभाषण, घरीही चालू ठेवावा.

भाविकहो, पाय निघत नसेल तर क्षणभर थांबावे, कळसाकडे पाहून हात जोडावेत आणि निघावे. खाली कोणीतरी आपली वाट पाहत आहे. त्याच्या दाराशी देवाची डोली आता आपल्यालाच पोहोचवावयाची आहे.

॥ शुभं भवतु ॥

— कार्यालय सचिव